चार टक्के म्हणजे किती?

२०१५ साली निघालेल्या ‘स्पॉटलाइट’ या अमेरिकन चित्रपटात एक प्रसंग आहे. त्यात कोणी कोणावर हात उगारीत नाही, कोणी रडत नाही, आणि तरीही पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ‘बोस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राचे वार्ताहर एका टेलिफोनभोवती बसले आहेत. पलीकडून बोलतात रिचर्ड साइप. पूर्वाश्रमीचे बेनेडिक्टाइन संन्यासी आणि नंतरचे मानसोपचारतज्ज्ञ. मुलांवर लैंगिक अत्याचार करणारे १३ धर्मगुरू बोस्टनमध्ये होते, असे वार्ताहरांच्या कानावर आलेले असते आणि हा आकडा फुगवलेला तर नाही ना, अशी त्यांना शंका असते. साइप म्हणतात, उलट तो फार लहान आहे. माझ्या अभ्यासाप्रमाणे शेकडा ६ धर्मगुरू असे वागतात. बोस्टनमध्ये धर्मगुरू सुमारे १५००. गुणाकार तोंडीच होतो: ९०. पुढे हे वार्ताहर चर्चच्या जुन्या वार्षिक नामावल्या काढून ‘आजारपणाची रजा’ यासारख्या शेऱ्यांखाली पुनःपुन्हा हलवले गेलेले धर्मगुरू शोधून काढतात, तेव्हा त्यांची यादी ८७ वर येऊन थांबते.

नाट्य म्हणून हे फार चांगले साधले आहे. टॉम मॅकार्थी या दिग्दर्शकाने त्रैराशिकाचे एक साधे उदाहरण घेऊन त्यातून भय निर्माण केले, हे कसब खरेच. पण प्रेक्षक घरी जातो तो एक समजूत घेऊन: ९० चा अंदाज होता, ८७ सापडले, म्हणजे ६ टक्के सिद्ध झाले! मी शाळेत शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. माझे गणित मॅट्रिकपुरतेच आहे. परंतु तेवढ्या गणितावरही या समजुतीची उलटतपासणी करता येते, आणि ती करणे अगत्याचे आहे असे मला वाटते.

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे, की या दिवसांत घर मुलांनी भरलेले असते, आणि ज्या विषयात मुलांचे हित आहे तो विषय सणावाराला वर्ज्य मानण्याचे कारण नाही. दुसरीही एक गोष्ट सांगायला हवी. कॅथलिक समाज आपल्याला परका नाही. १६१६ साली छापलेले फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आपण आपल्या भाषेचे वैभव म्हणून मिरवतो. तेव्हा या समाजातील धर्मगुरूंविषयीचा एखादा आकडा उचलून फेकताना हात आखडता घ्यावा, आणि तो आकडा झाकून ठेवतानाही मन खावे, अशी दुहेरी जबाबदारी आपल्यावर येते.

प्रथम साइप यांचा आकडा. तो त्यांच्या १९९० सालच्या पुस्तकातला. १९६० ते १९८५ या २५ वर्षांत सुमारे १५०० माणसांशी झालेली बोलणी आणि त्यांच्या नोंदी यांवर तो उभा आहे. यांतील पुष्कळजण उपचारासाठी आलेले होते. दवाखान्याच्या ओसरीवर बसून साऱ्या गावाची प्रकृती ठरवावी, तसा हा प्रकार. वैद्य अनुभवी असेल तर त्याचा अंदाज बरोबर निघूही शकतो; पण तो निघाला म्हणून रीत बरोबर ठरत नाही. बोस्टनची ८७ ची यादीही दोषी ठरलेल्यांची नव्हती. संशयास्पद शेऱ्यांवरून केलेली ती पहिली चाळणी होती. दोन अंदाज एकमेकांच्या जवळ आले, एवढेच त्यातून निघते. साइप यांच्या आकड्याने वार्ताहरांना शोध कुठवर न्यायचा हे सांगितले, आणि अंदाजाचे एवढे काम त्याने चोख केले. त्याच्याकडे याहून अधिक मागणे म्हणजे दिशा दाखवणाऱ्या पाटीलाच गाव समजणे होय.

‘ग्लोब’चा पहिला लेख ६ जानेवारी २००२ रोजी प्रसिद्ध झाला. डिसेंबर २००२ मध्ये बोस्टनचे कार्डिनल लॉ पदावरून गेले. त्यानंतर अमेरिकेतील बिशपांच्या परिषदेने न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजकडे रीतसर मोजणी सोपवली. फेब्रुवारी २००४ मध्ये तिचा अहवाल निघाला. जगभर आज जो ४ टक्क्यांचा आकडा फिरतो तो याच अहवालाचा. १९५० ते २००२ या काळात सेवेत असलेले धर्मगुरू १,०९,६९४. त्यांपैकी ज्यांच्यावर आरोप झाले ते ४,३९२. आरोप करणाऱ्या व्यक्ती १०,६६७. भागाकार केला की बरोबर ४ टक्के येतात.

हा भागाकार कोणाही पाचवीतल्या मुलाला येईल. पण अंश म्हणजे काय आणि छेद म्हणजे काय, हे विचारल्याशिवाय अपूर्णांक वाचू नये, असे आम्ही वर्गात सांगतो. येथे अंशात आहेत आरोप झालेले धर्मगुरू. आरोप म्हणजे शाबित झालेला गुन्हा नव्हे, म्हणून हा अंश फुगलेला असेल, असे चर्चचे कैवारी म्हणतात. त्याच वेळी, ज्यांनी आयुष्यभर तोंड उघडलेच नाही त्यांची गणती या अंशात नाही, म्हणून तो खुरटलेला असेल, असे टीकाकार म्हणतात. दोघेही बरोबर आहेत. मात्र दोन्ही चुका सारख्या वजनाच्या आहेत, असे मात्र समजू नये. खोटा आरोप करणाऱ्यांपेक्षा गप्प राहणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असते, हे फ्रान्सच्या पाहणीत पुढे दिसलेच. शिवाय हे तक्ते भरून पाठवले ते खुद्द धर्मप्रांतांनी, आपल्या दप्तरांवरून. ज्या दप्तरात तक्रार लिहूनच ठेवली गेली नाही, ते दप्तर कितीही प्रामाणिकपणे वाचले तरी त्यातून शून्यच निघणार.

आणि तक्रार येते तरी केव्हा? या अहवालातील एकूण आरोपांपैकी सुमारे एकतृतीयांश २००२ आणि २००३ या दोनच वर्षांत पुढे आले. त्या दोन वर्षांत अत्याचार वाढले होते काय? मुळीच नाही. घटना बहुतेक १९६० ते १९८५ च्या दरम्यानच्या होत्या. वाढले होते ते ऐकणारे कान. चित्रपटाच्या शेवटी लेख छापून आल्यावर वार्ताहरांच्या कचेरीतले टेलिफोन एकसारखे वाजू लागतात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्या साऱ्या चित्रपटातला सर्वांत अचूक प्रसंग मला तोच वाटतो. अंश हा गुन्ह्यांवर जितका अवलंबून असतो, तितकाच तो ऐकून घेणाऱ्यांवरही असतो.

आता छेद. १,०९,६९४ या संख्येत १९५० साली निवृत्तीला टेकलेला वृद्ध धर्मगुरू आहे, आणि २००१ साली दीक्षा घेतलेला तरुणही आहे. दोघांचाही या काळाशी संबंध वर्षा-दोन वर्षांचा. चाळीस वर्षे सेवेत काढलेल्या माणसाबरोबर त्यांना एकाच मापाने मोजले आहे. सरासरी नेहमीच काहीतरी पोटात घालते. या सरासरीने काय पोटात घातले ते त्याच अहवालात दिलेले आहे: १९७० साली दीक्षा घेतलेल्या, धर्मप्रांताच्या सेवेतील धर्मगुरूंपैकी जवळजवळ १० टक्क्यांवर पुढे आरोप झाले, १९८० च्या तुकडीत हे प्रमाण ८ टक्के, १९९० च्या तुकडीत ४ टक्क्यांहून कमी. म्हणजे ४ टक्के हा आकडा खोटा नाही, पण एखाद्या विशिष्ट पिढीविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही. १९९० ची तुकडी खरोखरच अधिक निर्मळ होती, की तिच्यामुळे पोळलेली मुले अजून बोलती झाली नव्हती, ही शंका २००४ साली कायम होती. जॉन जे कॉलेजच्या २०११ च्या दुसऱ्या अहवालापर्यंत नव्या तक्रारी आल्या, त्यांतल्या घटनाही बहुतेक त्याच जुन्या दशकांतल्या निघाल्या. त्यामुळे उतार खरा असावा, या मताला बळकटी आली. आकडे असेच वाचायचे असतात. शंका घ्यायची आणि पुढचा पुरावा आला की ती त्या मानाने कमी किंवा अधिक करायची.

ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने आपल्या मोजणीत छेदाची ही अडचण दूर केली. २०१३ साली सुरू होऊन डिसेंबर २०१७ मध्ये अंतिम अहवाल देणाऱ्या या आयोगाने प्रत्येक धर्मगुरूची सेवेतील वर्षे हिशेबात धरली. चाळीस वर्षे सेवा करणाऱ्याचे वजन दोन वर्षेवाल्याच्या वीसपट. या रीतीने १९५० ते २०१० या काळातील ७ टक्के धर्मगुरूंवर आरोप असल्याचे निघाले. तक्रार करणाऱ्या व्यक्ती ४,४४४, आणि घटना व तक्रार यांतील सरासरी अंतर ३३ वर्षे! या आयोगाने आणखी एक मोलाची गोष्ट केली: संघासंघांचे आकडे वेगळे दिले. ख्रिश्चन ब्रदर्स या शाळा चालवणाऱ्या संघात प्रमाण २२ टक्के निघाले. मतिमंद मुलांच्या संस्था चालवणाऱ्या सेंट जॉन ऑफ गॉड या संघाच्या ब्रदर्समध्ये ते ४०.४ टक्के निघाले. ज्या घरात मुले रात्रंदिवस एकाच माणसाच्या ताब्यात, आणि त्यांतही जी मुले सांगू शकत नाहीत, तेथे अत्याचार सर्वाधिक. ‘धर्मगुरूंमध्ये किती टक्के?’ या प्रश्नापेक्षा ‘कोणत्या व्यवस्थेत किती?’ हा प्रश्न अधिक उजेड पाडतो, हे या तक्त्यावरून मला पटले.

जर्मनीचा अहवाल सप्टेंबर २०१८ चा. १९४६ ते २०१४ या काळातील ३८,१५६ सेवानोंदी तपासून १,६७० जणांवर, म्हणजे ४.४ टक्क्यांवर आरोप असल्याचे त्यात नोंदले आहे. बाधित मुले ३,६७७. अमेरिकेच्या ४ टक्क्यांशी हा आकडा इतका जुळतो, की तो एक निसर्गनियमच वाटू लागतो. पण येथेही संशोधकांना मूळ कागद हाताळू दिले नव्हते. धर्मप्रांतांची माणसे कागद वाचून तक्ते भरीत होती. काही ठिकाणी कागद नष्ट केल्याच्या खुणाही आढळल्या. दोन देशांतील दप्तरे सारखाच आकडा देत असतील, तर त्याचा एक अर्थ असा, की गुन्हे सारखे होते. दुसरा असाही होऊ शकतो, की दप्तरे ठेवण्याची आणि न ठेवण्याची पद्धत सारखी होती.

फ्रान्सने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. ज्याँ-मार्क सोवे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दप्तरे तर पाहिलीच, परंतु त्याशिवाय २८,०१० सामान्य नागरिकांना प्रश्नावली देऊन त्यांच्या बालपणाविषयी विचारले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या अहवालाचा अंदाज असा: १९५० नंतर धर्मगुरू आणि संन्यस्तांकडून अत्याचार झालेली, आज हयात असलेली प्रौढ माणसे २,१६,०००; चर्चच्या संस्थांतील इतर सेवक धरल्यास ३,३०,०००. आयोगाच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन स्वतः संपर्क साधणाऱ्यांची संख्या सुमारे साडेसहा हजार. दाराशी येऊन सांगणारे आणि विचारल्यावर सांगणारे यांच्यात केवढे अंतर असते, ते येथे उघड झाले.

या आकड्यावर मोठा वाद झाला, आणि टीकाकारांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. २,१६,००० हे फ्रान्सच्या प्रौढ लोकसंख्येच्या अर्धा टक्काही नाहीत. म्हणजे २८ हजारांच्या पाहणीत प्रत्यक्ष ‘होय’ म्हणणारे सव्वाशेच्या आतच. एवढ्या थोड्या माणसांना लाखांनी गुणल्यावर पुढेमागे झुकायला जागा राहतेच. अहवालाने ती १,६५,००० ते २,७०,००० अशी प्रामाणिकपणे दिलीही आहे. पण दुसरी एक चूक या मर्यादेत मावत नाही. दर हजारी एकाच माणसाने प्रश्न चुकीचा समजून ‘होय’वर खूण केली असे धरा. असे २८ जण होतील, आणि सव्वाशेत २८ म्हणजे जवळजवळ चौथाई! दुर्मिळ गोष्ट मोजताना लहानशी गफलतही मोठी होते. उलट, लाजेने ‘नाही’वर खूण करणारेही असणारच, आणि ते आकडा खाली ओढणार. यांतले कोणते पारडे जड, हे नुसत्या प्रश्नावलीवरून ठरत नाही.

टीकाकारांचा दुसरा मुद्दा भागाकाराचा होता. आयोगाच्याच मते दप्तरांवरून आणि साक्षींवरून दिसणारे अपराधी २,९०० ते ३,२००. ७० वर्षांतल्या सुमारे १,१५,००० धर्मगुरूंत व संन्यस्तांत हे ३ टक्क्यांहून कमीच. मग दर अपराध्यामागे ७० मुले पडतात. हे कसे शक्य आहे? प्रश्न रास्त आहे. पण ३,००० ही संख्या किमान आहे, असे आयोगाने स्पष्ट म्हटले होते. दप्तरातून काढलेल्या छेदाने लोकांतून काढलेल्या अंशाला भागले, तर उत्तर विचित्रच यायचे. ते विचित्र आले म्हणून अंश खोटा ठरत नाही. छेद अपुरा असण्याचा संभव तितकाच, किंबहुना अधिक आहे.

याउलट स्पेनमध्ये जे झाले ते उतावीळपणाचे उदाहरण. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील लोकपालांच्या अहवालात ८,०१३ जणांच्या पाहणीचा निष्कर्ष होता: धर्मगुरूंकडून अत्याचार झाला असे सांगणारे ०.६ टक्के. म्हणजे सुमारे ५० माणसे. वृत्तपत्रांनी त्याला लोकसंख्येने गुणून दोन लाखांवरचा मथळा दिला. लोकपालांनी स्वतः तो गुणाकार केलेला नव्हता.

आता सर्वांत वापरले जाणारे वाक्य घेऊ: ‘इतरांतही हे असतेच.’ चर्चच्या बाजूने ते बोलले जाते आणि शाळांच्या बाजूनेही. हे वाक्य तपासायचे तर दोन्हीकडे एकच गज लावायला हवा. यंदा नापास झालेली मुले एका शाळेतली घ्यायची, आणि दुसऱ्या शाळेतली मात्र ५० वर्षांत केव्हातरी नापास झालेली घ्यायची, ही तुलना कोणी मान्य करील काय? धर्मगुरूंचे ४ टक्के हे पन्नास वर्षांतले आहेत. सर्वसाधारण पुरुषांच्या वा शिक्षकांच्या एका वर्षाच्या शिक्षांशी त्यांची सांगड घालता येत नाही.

फ्रान्सच्या पाहणीचे मोठेपण हे, की तिने सर्वांना एकच गज लावला. ज्या मुलांचा ज्या क्षेत्राशी संबंध आला, त्यांपैकी किती जणांवर अत्याचार झाला, असे तिने विचारले. उत्तरे अशी: कुटुंबात ३.७ टक्के, कुटुंबाच्या स्नेह्यांकडून २ टक्के, चर्चच्या क्षेत्रात १.१६ टक्के, त्यांत धर्मगुरूंकडून ०.८२, सुटीतील शिबिरांत ०.३६, सरकारी शाळांत ०.३४, क्रीडासंस्थांत ०.२८. या ओळी मी पुनःपुन्हा वाचल्या. ‘इतरांतही असते’ हे खरे ठरले, आणि ‘इतरांइतकेच असते’ हे खोटे ठरले. सरकारी शाळेच्या तिपटीहून अधिक प्रमाण चर्चमध्ये, आणि त्याच्याही तिपटीहून अधिक घरात. शिक्षिका म्हणून ०.३४ वाचून मला हायसे वाटायचे काहीच कारण नाही. हजारात तीन-चार मुले म्हणजे एखाद्या मोठ्या शाळेतली तीन-चार मुले, आणि त्यांना नावे असतात. गृहिणी म्हणून ३.७ वाचताना तर हात थरथरतो.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगणारी मुले ५३.२२ टक्के निघाली. यात गंभीर प्रकार सोसलेली मुले सुमारे एकपंचमांश. ‘अत्याचार’ या शब्दात काय काय धरायचे, यावर आकडा अर्ध्यावर जातो की पाचव्या हिश्शावर, हे यातून दिसते. पण कोठलीही व्याख्या घेतली तरी निम्मे अत्याचारी मुलांच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते, ही गोष्ट उरतेच. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी घटना कळल्यावर ती पोलिसांना न सांगणे हाही अपराध ठरवला, तो उगीच नव्हे.

शेवटी ज्या संख्येकडे टीकाकार आणि कैवारी दोघांचेही पुरेसे लक्ष जात नाही, तिच्याकडे वळते. जॉन जे अहवालातील ४,३९२ पैकी १४९ धर्मगुरू असे होते, की त्या प्रत्येकावर दहाहून अधिक मुलांनी आरोप केले. हे आरोपितांत साडेतीन टक्के. पण एकूण बाधित मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा त्यांच्या वाट्याचा. बोस्टनच्या जॉन गेगन या एकट्या धर्मगुरूवर १३० हून अधिक लोकांनी आरोप केले. तीस वर्षांत तो पाच-सहा चर्चमधून फिरला. एका माणसाकडून असे तीस वर्षे घडू शकते, ते त्याला कोणीतरी दुसऱ्या गावी पाठवतो म्हणून. पहिल्या तक्रारीनंतर तो मुलांपासून दूर केला गेला असता, तर ४ टक्के हे ४ टक्केच राहिले असते. मुलांची संख्या मात्र कितीतरी खाली आली असती. धर्मगुरूंची टक्केवारी व्यक्तींचा दोष मोजते. बदलीच्या हुकुमावर सही करणाऱ्याचा दोष तिच्यात कोठेच उतरत नाही.

म्हणून या अहवालांना माझी दाद आहे, आणि ती मुख्यतः फ्रान्सच्या व ऑस्ट्रेलियाच्या अहवालांना आहे. त्यांनी मोजण्याच्या रीतीत मुलाला मध्यभागी ठेवले. अमेरिकेचा आणि जर्मनीचा अहवाल दप्तराच्या भिंतीआड राहिला, तरी त्या भिंतीआतले जे दिसले ते त्यांनी लपवले नाही. आणि ‘स्पॉटलाइट’ हा चित्रपट घरातल्या मोठ्या माणसांनी अवश्य पाहावा. मात्र पाहून उठताना ६ टक्के लक्षात ठेवू नयेत. त्या १३ नावांची यादी लक्षात ठेवावी. ती यादी अत्याचार सोसलेल्या एका माणसाने कित्येक वर्षे जवळ बाळगली होती, आणि ती वाचायला कोणी तयार नव्हते.